कच्च्या कैद्याचे मत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ वाचकाने प्रश्न केला आहे की, ज्याने कायदा मोडला त्याला कायदे करणारे निवडण्याचा अधिकार कशासाठी हवा? प्रश्न सरळ आहे आणि त्यामागचा संताप मला समजतो. मात्र ‘कैदी’ हा शब्द त्या पत्रात ज्या अर्थाने आला आहे, त्या अर्थाचे कैदी आपल्या तुरुंगांत थोडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशभरातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक न्यायाधीन बंदी, म्हणजे तुरुंगाच्या भाषेत ‘कच्चे कैदी’ होती. चारांतल्या तिघांनी कायदा मोडला की नाही, हे अद्याप कोणत्याही न्यायालयाने ठरवलेले नाही. या तिघांविषयी मला लिहायचे आहे; चौथ्याकडे शेवटी येईन.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरील वकील म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील एका कारागृहात महिन्यातून दोनदा जातो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्याकडे ७ मे रोजी मतदान झाले आणि दुसऱ्याच दिवशी माझी कारागृहातील पाळी होती. वकिलांच्या मुलाखतीसाठी जी अरुंद खोली असते, तिथे माझ्यासमोर बसलेला मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा होता. शेतातील विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याच्या आरोपावरून तो अकरा महिने आत होता. मी त्याच्याशी तारखेविषयी बोलत असताना त्याची नजर सारखी माझ्यामागे उभ्या असलेल्या शिपायाच्या डाव्या हाताकडे जात होती. शिपायाच्या तर्जनीवर शाईची ताजी रेघ होती. मग त्याने खिशातून चार घड्या घातलेली मतदार चिठ्ठी काढली. आईने मागच्या मुलाखतीला कपड्यांबरोबर ती आणून दिली होती आणि झडतीत ती कोणी काढून घेतली नव्हती. यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, जिल्हा परिषद शाळा, खोली क्रमांक दोन, सगळे तिच्यावर नीट छापलेले होते. “साहेब, ही आता पुढच्या वेळेला चालंल का?” एवढेच त्याने विचारले.

बावीस वर्षे वकिली करूनही त्या दिवसापर्यंत मी संबंधित उपकलम शब्दशः वाचलेले नव्हते, हे इथे कबूल करणे भाग आहे. घरी येऊन वाचले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ चे पाचवे उपकलम सांगते की, शिक्षा म्हणून ‘अथवा अन्यथा’ जो तुरुंगात बंदिस्त आहे किंवा जो पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला कोणत्याही निवडणुकीत मतदान करता येणार नाही. सगळी मेख त्या ‘अन्यथा’त आहे. खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा आणि केबलच्या चोरीचा आरोप असलेला, शिक्षा झालेला आणि खटल्याची वाट पाहणारा, दोघांना त्या एका शब्दाने एका रांगेत बसवले आहे. उलट, ज्याला शिक्षा झाली आहे पण अपिलात जामीन मिळाला आहे, तो मतदानाच्या दिवशी खुशाल मतदान केंद्रावर जाऊ शकतो, कारण तो ‘बंदिस्त’ नाही. म्हणजे या उपकलमाला गुन्ह्याशी काही देणेघेणे नाही. माणूस त्या दिवशी भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे, एवढेच ते पाहते.

आता तो भिंतीच्या आत का होता, हेही सांगतो. त्याला जामीन नाकारला गेला नव्हता, मंजूर झाला होता. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार, अशी अट होती. लायक जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सात-बारा आहे किंवा ज्याच्याकडे पगाराचा दाखला आहे असा माणूस. मुलाची आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते, वडील नाहीत, आणि गावात चोरीच्या आरोपीसाठी आपला उतारा न्यायालयात ठेवायला कोणी तयार होत नाही. त्याच गुन्ह्यात त्याच्याबरोबर पकडलेल्या दुसऱ्या आरोपीच्या मेहुण्याची तीन एकर बागायत होती; तो चौथ्या आठवड्यात बाहेर आला आणि ७ मे रोजी त्याने मतदान केले. दोघांवर कलम तेच, फिर्याद तीच, साक्षीदार तेच आणि खटलाही तोच. पुढे आम्ही अर्ज करून जामीनदाराऐवजी रोख अनामतीची परवानगी मिळवली, ऑगस्टमध्ये मुलगा सुटला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी त्याने जिल्हा परिषदेच्या त्याच शाळेत मत दिले. मे महिन्यात जो मतदानास अपात्र होता तो नोव्हेंबरमध्ये पात्र झाला. मधल्या काळात त्याच्या वर्तनात, आरोपात किंवा खटल्यात कसलाही बदल झालेला नव्हता.

यापुढची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. याच उपकलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, आहे आणि त्यानुसार प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांना, म्हणजे पुढे गुन्हा करू नये म्हणून खटल्याविना आत ठेवलेल्यांना, ही बंदी लागू नाही. निवडणूक आचरण नियम, १९६१ मध्ये अशा स्थानबद्ध मतदारांसाठी टपाली मतदानाची सोय केलेली आहे: सरकारने त्यांची नावे, पत्ते आणि स्थानबद्धतेचे ठिकाण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवायचे आणि मागणीनुसार मतपत्रिका तुरुंगात पोहोचवायची. हेतू उघड आणि योग्य आहे. विरोधकांना निवडणुकीच्या तोंडावर आत टाकून त्यांची मते बुडवण्याचा मोह कोणत्याही सरकारला होऊ शकतो, त्याला हा अडसर आहे. परंतु महाराष्ट्रात प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचा विचार सुचल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे १९८१ चा एमपीडीए, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘झोपडपट्टीदादा कायदा’ आहे. ज्याच्यावर गुन्ह्यांची रांग लागली आहे, ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी धजत नाही, अशा ‘धोकादायक व्यक्ती’ला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करण्याची तरतूद त्यात आहे. अशा माणसाला टपालाने मत देण्याचा हक्क आहे आणि बाजूच्या बराकीतल्या केबलचोरीच्या आरोपीला नाही. दादाचा हक्क काढून घ्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण जे यंत्र एका बराकीत मतपत्रिका पोहोचवते ते दुसऱ्या बराकीच्या दाराशी का थांबते, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मला सापडले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे उपकलम वैध ठरवले आहे, हे मी विसरलेलो नाही. १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने कारणे सांगितली होती: कैद्यांना मतदान करू द्यायचे तर फार मोठा पोलीस बंदोबस्त लागेल, जो स्वतःच्या वर्तनामुळे तुरुंगात आहे त्याला बाहेरच्या माणसाइतक्या स्वातंत्र्याचा दावा करता येणार नाही, आणि राजकारणाचे गुन्हेगारीकरण रोखणे हा हेतू योग्य आहे. निकालाचा आदर ठेवूनही म्हणावेसे वाटते की, यांतले पहिले कारण आज उरलेले नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांच्या घरी कर्मचाऱ्यांची पथके गेली आणि चित्रीकरण करून त्यांची मते घेऊन आली. गीरच्या जंगलात बाणेज येथे एका मतदारासाठी मतदान केंद्र उभारल्याचे आपण कौतुकाने वाचतो. डोंगरदऱ्यांतून वाडीवस्तीवर पोहोचणाऱ्या आयोगाला, जिथे मतदार आधीच एका छताखाली आहेत, रोज मोजले जातात आणि ज्यांना तारखेसाठी न्यायालयात न नेता ‘व्हीसी’वर, म्हणजे व्हिडिओद्वारे, हजर करण्याची सोय झालेली आहे, तिथेच पोहोचणे अवघड व्हावे हे पटत नाही. टपाली मतपत्रिकेला तर कैद्याला दाराबाहेर काढण्याचीही गरज नाही.

स्वतःच्या वर्तनामुळे तुरुंगात, हे दुसरे कारण शिक्षा झालेल्यांना लागू पडेल. न्यायाधीन बंदी आत असतो तो पोलिसांच्या संशयामुळे, आरोपपत्रामुळे, न्यायालयातील गर्दीमुळे आणि पुष्कळदा वर सांगितलेल्या सात-बारामुळे. शेजारच्या दहा घरी विचारून आलेल्या आईला जामीनदार मिळाला नाही, यात मुलाचे कोणते वर्तन आले? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार देताना तो नाकारण्याची कारणेही मोजकीच सांगितली आहेत: अनिवास, मनोविकलता, गुन्हा आणि निवडणुकीतील भ्रष्ट अथवा बेकायदा व्यवहार. यांत ‘गुन्हा’ आहे, ‘गुन्ह्याचा आरोप’ नाही. मतदान हा मूलभूत नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे, असे यावर नेहमी सांगितले जाते. तसे धरले तरी, जे कायद्याने द्यायचे ते सारख्या स्थितीतल्या माणसांना सारखेच द्यावे, ही अनुच्छेद १४ ची अपेक्षा संपत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने याच उपकलमाला आव्हान देणाऱ्या याचिकेवर केंद्र सरकारला आणि निवडणूक आयोगाला नोटीस काढली होती, ती उगीच नव्हे.

राहिले गुन्हेगारीकरण. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या मुद्द्यावर आपल्या लोकप्रतिनिधींचे वर्तन बोलके आहे. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘जन चौकीदार’ प्रकरणात पाटणा उच्च न्यायालयाचा निकाल कायम करून सांगितले की, ज्याला मत देता येत नाही तो मतदार नव्हे आणि जो मतदार नाही त्याला निवडणूक लढवता येणार नाही. तर्क बिनतोड होता. संसदेने काही महिन्यांतच कायदा दुरुस्त केला आणि तुरुंगात असल्यामुळे मतदानास बंदी असली तरी यादीत नाव असलेला माणूस मतदार राहतोच, असे आणखी एक परंतुक जोडले. उमेदवारी वाचली, मताची बंदी जागच्या जागी राहिली. म्हणजे तुरुंगातून खासदार होता येते, खासदार निवडता येत नाही. २०२४ मध्ये काश्मिरातील बारामुल्ला मतदारसंघातून इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगातून लढले आणि ओमर अब्दुल्ला यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव करून निवडून आले. ते यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील खटल्यातील न्यायाधीन बंदी, त्यामुळे कायद्याने त्यांना स्वतःला मत देण्याची मुभा नव्हती. त्याच निवडणुकीत पंजाबातील खडूर साहिबमधून अमृतपाल सिंग दिब्रुगडच्या तुरुंगातून निवडून आले. ते राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध, म्हणून त्यांना टपाली मताचा हक्क होता. या दोघांच्या राजकारणाबद्दल माझे मत काहीही असो, गुन्हेगारीकरण रोखणारी ही चाळणी कोणाला अडवते आणि कोणाला सोडते, हे यावरून दिसते.

महाराष्ट्राने याहून जवळचा अनुभव घेतला आहे. जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांत एकेका मताचा हिशेब चालू असताना अनिल देशमुख आणि नवाब मलिक हे दोन आमदार न्यायालयीन कोठडीत होते. त्यांनी मतदानाची परवानगी मागितली, ती याच उपकलमामुळे मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तातडीचा दिलासा दिला नाही, मात्र उपकलमाचा अर्थ तपासून पाहण्याची तयारी दाखवली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला त्याच न्यायालयाने या दोघांना दुसऱ्या दिवशीच्या विश्वासदर्शक ठरावात भाग घेण्याची मुभा दिली. उद्धव ठाकरे यांनी त्याच रात्री राजीनामा दिल्याने तो ठराव झाला नाही, हा भाग वेगळा. सभागृहातील मतदान ही ‘निवडणूक’ नव्हे आणि हे उपकलम फक्त निवडणुकीला लागू आहे. त्याआधी २०१७ मध्ये छगन भुजबळ यांना राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी कोठडीतून विधानभवनात आणून मतदान करू देण्यात आले होते, कारण ती निवडणूक १९५२ च्या वेगळ्या कायद्याने होते. सरकार टिकवायला किंवा पाडायला कोठडीतला माणूस चालतो, राष्ट्रपती निवडायला चालतो. आपल्या गावचा आमदार निवडायला मात्र चालत नाही.

एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो तुरुंग पाहिलेल्या माणसालाच नीट कळतो. बराकीत ‘भाई’ असतो. कोणी कुठे पथारी टाकायची, कॅन्टीनमधून आलेले बिस्किटाचे पुडे कोणाकडे जायचे, हे पुष्कळदा तोच ठरवतो. मत कोणाला द्यायचे हेही तो ठरवील, ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय मात्र आहे. बराकीत मतपत्रिका वाटू नयेत. एकेका बंद्याला वकिलांच्या मुलाखतीच्या खोलीत बोलवावे, कारागृहाचा माणूस दाराबाहेर आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा माणूस आत, असे चालेल. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मध्ये आधीच म्हटले आहे की, तुरुंगात ठेवल्यामुळे ती जागा त्या माणसाचे सर्वसाधारण निवासस्थान ठरत नाही. म्हणून येरवड्यातील बंद्यांची मते एकगठ्ठा पुण्याच्या पेटीत पडणार नाहीत; ती ज्याच्या त्याच्या गावी, बार्शीला, जतला, कणकवलीला जातील. कोण्या भाईला एखादा निकाल फिरवायचाच असेल, तर शंभर गावांत विखुरलेल्या मतांपेक्षा बाहेरचे सोपे मार्ग त्याला ठाऊक असतात.

ही बंदी इंग्लंडातून आली, असे सांगून तिचा जुनेपणा मोठा केला जातो. तिथे १८७० च्या कायद्याने गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्यांचा मताधिकार काढून घेतला, हे खरे. शिक्षा भोगणाऱ्या सगळ्या कैद्यांना सरसकट बंदी घालू नये, असे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००५ मध्ये हर्स्ट खटल्यात सांगितल्यावरही ब्रिटनच्या संसदेने वर्षानुवर्षे मान तुकवली नाही. २०११ मध्ये कॉमन्स सभागृहाने २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदीची बाजू घेतली. पण त्याच हट्टी देशात खटल्याची वाट पाहत तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येते. आपण त्यांच्याकडून जे उचलले, ते त्यांच्याहून कडक करून ठेवले आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये घटना न्यायालयाने कैद्यांची नोंदणी करून त्यांना मतदान करू द्या, असा आदेश दिला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आल्बी साक्स यांना वर्णद्वेषी राजवटीने खटल्याविना डांबून ठेवले होते. प्रत्येक नागरिकाचे मत म्हणजे त्याच्या प्रतिष्ठेची आणि माणूसपणाची खूण, प्रत्येक जण गणला जातो असे ते सांगते, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. आमच्या तुरुंगांत दिवसातून अनेकदा ‘गिनती’ होते. ते वाक्य वाचताना मला तिची आठवण झाली.

तुरुंगात गेल्याने माणसाचे सगळे हक्क संपत नाहीत, हे आपल्या न्यायालयांना नवीन नाही. मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी मराठीत अणूविषयी एक पुस्तक लिहिले आणि ते छापण्यासाठी बाहेर पाठवायला राज्य सरकारने परवानगी नाकारली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६५ मध्ये न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला: स्थानबद्धतेच्या अटींत जे निर्बंध लिहिलेले नाहीत ते सरकारने आपल्या मनाने लादू नयेत. अणूच्या पुस्तकाने राज्याच्या सुरक्षेला धोका नव्हता, तसाच केबलचोरीच्या आरोपीच्या टपाली मतानेही नाही.

आता चौथा माणूस, शिक्षा झालेला. त्याच्याबाबत माझे मन पूर्णपणे ठरलेले नाही. घटनेने ‘गुन्हा’ हे कारण दिलेले असल्याने संसदेला त्याचा मताधिकार मर्यादित करण्याची मुभा आहे, असे मला वाटते. पण ती बंदी सरसकट असू नये. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून पंधरा दिवस आत बसलेला आणि मतदान केंद्र लुटल्याबद्दल शिक्षा झालेला, यांत फरक करता आला पाहिजे. ऑस्ट्रेलियात तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा भोगणाऱ्यांनाच मतदानास बंदी आहे. आपल्याकडे निवडणूक लढवण्याच्या अपात्रतेसाठी दोन वर्षांच्या शिक्षेची रेषा कायद्यातच आहे. मतासाठीही तशी एखादी रेषा आखता येईल. ती कुठे आखावी यावर वाद होऊ द्यावा. न्यायाधीन बंद्यांचा प्रश्न मात्र त्या वादासाठी अडवून ठेवू नये. त्यासाठी उपकलमातील ‘अथवा अन्यथा’ आणि पोलीस ताब्याचा उल्लेख वगळणे आणि टपाली मतदानाच्या नियमात स्थानबद्धांच्या शेजारी न्यायाधीन बंद्यांचा समावेश करणे, एवढे संसदेने आणि केंद्र सरकारने करावे, असे मला सुचवायचे आहे.

तोवर, ज्यांच्या घरचे कोणी आत आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. त्या मुलाच्या घरी मतदार यादीच्या पडताळणीला आलेल्या बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) “मुलगा इथे राहत नाही, तर नाव कमी करू का?” असे विचारले होते आणि आई भीतीने हो म्हणणार होती, शेजारच्या अंगणवाडी सेविकेने अडवले म्हणून नाव राहिले आणि नोव्हेंबरमध्ये कामी आले. तुरुंगात असल्यामुळे मतदार यादीतले नाव जात नाही, हे २०१३ च्या परंतुकात स्पष्ट लिहिलेले आहे. बीएलओला ते दाखवावे, आणि तरीही नाव वगळले गेल्यास तहसील कार्यालयातील निवडणूक शाखेकडे लेखी हरकत देऊन तिची पोच घ्यावी.

आपला,
एक वकील वाचक